भुईवर घेण्याची वेळ

मेलेल्या माणसाचं काय करायचं ते आम्हाला सगळं शिकवलं होतं. डोळे कसे मिटवायचे, जबडा पट्टीने कसा बांधायचा, अंग कसं पुसायचं, चादर कशी गुंडाळायची. जालन्यातल्या आमच्या नर्सिंग स्कूलमध्ये एक डमी होती, तिचा डावा हात खांद्यातून निखळायचा. तिला आम्ही मुलींनी कितीतरी वेळा मारलं आणि तितक्याच वेळा नीट बांधून दिलं. माझं काम सगळ्यांत नेटकं असायचं. ट्यूटरबाई इतर मुलींना माझी गाठ दाखवायच्या आणि मला त्याचा चांगलाच गर्व होता.

जिवंत माणसाचंही शिकवलं होतं. ताप घेणं, नाडी मोजणं, पाठीला स्पिरिट-पावडर लावणं, चादरीचा कोपरा काटकोनात खोचणं. पण या दोघांच्या मधेही एक माणूस असतो. तो आता बरा होणार नसतो आणि अजून मेलेलाही नसतो. त्याच्याजवळ जाऊन काय करायचं, त्याच्याशी काय बोलायचं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते एवढंच की पेशंटच्या पलंगावर बसायचं नाही, त्याच्यासमोर रडायचं नाही आणि त्याने काही विचारलंच तर ‘आराम पडेल’ म्हणायचं.

ते ‘आराम पडेल’ मी फार वेळा म्हणाले. शहागडचे एक बाबा आमच्या वॉर्डात होते. हायवेवर त्यांचं चहाचं हॉटेल होतं. ट्रकवाल्यांना चहा पाजण्यात जन्म गेला आणि आता त्यांच्या स्वतःच्या घशाखाली पाणी उतरत नव्हतं. मी पाठ पुसायला गेले की ते पलंगाची कड थोपटायचे. ‘‘बसा की सिस्टर जरा. बोलायला कुणी न्हाई.’’ मी उभीच राहायचे. एके दिवशी डॉक्टरांनी त्यांच्या मुलाला बोलावून सांगितलं, ‘‘घरी न्या, सेवा करा.’’ आमच्या भागात दवाखान्यातून सुट्टी मिळाली म्हणजे माणूस बरा झाला, अशीच समजूत. मुलगा बिचारा पेढे घेऊन आला आणि सगळ्या वॉर्डाला वाटले. बाबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. मीही पेढा खाल्ला, नको म्हणायला काय कारण सांगणार होते? त्यांचा पलंग त्याच दुपारी दुसऱ्याला दिला, त्याची चादर मीच बदलली.

हे झालं परक्याचं. त्यानंतर आत्याचं आलं.

माझी आई मी चालायला लागायच्या आधीच गेली. आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी, तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावी परत आलेली होती. तिनेच मला वाढवलं. माझे वडील, त्यांना मी अण्णा म्हणायचे, तिच्यापेक्षा लहान. तिच्यापुढे त्यांची बोलायची टाप नव्हती. बारावीनंतर ते माझ्यासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा आत्याने चूल पेटवायचीच बंद केली. घरातले सगळे उपाशी बसले. ‘‘पोरगी नर्स व्हईल,’’ ती म्हणाली. ‘‘म्या अंबडच्या दवाखान्यात बघितली ना एक. पाटलाला म्हन्ली, पालथं व्हा. अन् पाटील झाला की पालथा, गपगुमान!’’ दुसऱ्या दिवशी अण्णांनी माझा अर्ज भरला.

आत्याला मिश्रीचं व्यसन होतं. तव्यावर भाजलेली तंबाखू, सकाळ-संध्याकाळ बोटाने हिरड्यांना घासायची. गावातल्या निम्म्या बायका घासत, तिला कोण काय म्हणणार? दाढेजवळ एक फोड आला आणि तो बसेना. ती म्हणत राहिली, दाढ हाय, जाईल. औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत गाल बाहेरून सुजला होता. तिथे कॅन्सर निघाला. रेडिएशनचे शेक दिले, गालाची कातडी काळी पडली. शेवटी तिथल्या डॉक्टरांनीही अण्णांना तेच सांगितलं, जे आमच्या वॉर्डात रोज कुणाला तरी सांगत. घरी न्या, सेवा करा. अण्णा मात्र पेढे घेऊन आले नाहीत. त्यांनी मला हॉस्टेलवर येऊन सांगितलं आणि फाटकापाशीच रडले.

त्या दिवाळीला मी गावी गेले तेव्हा तिला अजून बोलता येत होतं, जरा बोबडं. दुपारी घरात कुणी नसताना तिने मला जवळ बोलावलं.

‘‘तुला येक काम सांगते, माय. तुझ्याबिगर कुणाला जमनार न्हाई.’’

मला वाटलं, दुखण्याचं इंजेक्शन मागेल. तिने मागितलं ते वेगळंच.

आमच्याकडे माणूस बाजेवर मरू देत नाहीत. जीव जायच्या आधी त्याला उचलून खाली, सारवलेल्या जमिनीवर घेतात. तोंडात तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी घालतात. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो, ते पाणी घरोघरी शहागडहून आणून ठेवलेलं असतं. बाजेवर जीव गेला तर माणूस बाज पाठीवर घेऊन फिरतो, असं म्हणतात. आणि एकदा खाली घेतलेल्या माणसाला परत वर घेत नाहीत. त्याला जेवणखाणही विचारत नाहीत. तो गेल्यातच जमा असतो.

आत्याच्या सासूला असंच खाली घेतलं होतं, फार आधी. कुणीतरी म्हणालं, डोळे फिरले, आणि घेतलं उचलून. म्हातारी मेलीच नाही. ‘‘चांगली शुद्धीवर व्हती गं,’’ आत्या सांगत होती. ‘‘पडल्या पडल्या समदं आयकत व्हती. लाकडं कुनाकडची आणायची, पाटल्या कोन घेनार, समदं तिच्या उशाला बसून बोलले. तिनं चटणी-भाकर मागितली तर म्या तिला गंगेचं पानी पाजलं. म्या! मंग काय करू, सासरा बसला व्हता म्होरं. कितीक दिवस पडून व्हती. मी त्या घरात गेले की मला अजून तिचे डोळे दिसत्यात.’’

तिने माझं मनगट धरलं. ‘‘मला जिती असताना खाली घिऊ देऊ नको. अन् बाजीवर बी मरू देऊ नको. बराबर टायमाला घ्यायचं. तू शिकून राह्यली ना, तुला कळंल.’’

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

जालन्याला परत आल्यावर मी ट्यूटरबाईंना विचारलं. नाव न सांगता विचारलं की बाई, माणूस आता जाणार हे नेमकं कशावरून ओळखायचं? त्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘‘ते डॉक्टर बघतात. आपण पेशंट वाचावा म्हणून शिकतो.’’ मी म्हटलं, जो वाचणारच नाही त्याचं? तेव्हा त्यांनी वर बघितलं. बाई वाईट नव्हत्या. म्हणाल्या, ‘‘ते शिकवायला आम्हाला तरी कुणी शिकवलं गं?’’ आणि पुन्हा लाल पेन चालवायला लागल्या.

मग मी माझ्यापुरतं शिकायला लागले. वॉर्डात कुणी शेवटाला आलं की माझी ड्यूटी नसली तरी जाऊन उभी राहायचे. श्वास कसा अडतो, मधेच थांबून पुन्हा कसा सुरू होतो, गुडघे कसे निळसर पडतात, नाक कसं थंड होतं. सोबतच्या मुली म्हणायच्या, हिला काय चाळा लागलाय! एक मुलगी तर मला घार म्हणायची. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला परीक्षेपेक्षा त्या एका क्षणाची भीती वाटत होती.

उन्हाळ्यात अण्णांचा निरोप आला, लवकर ये. फायनलची प्रॅक्टिकल येत्या सोमवारी होती. ती चुकली की पुढची परीक्षा सहा महिन्यांनी. ट्यूटरबाईंनी कपाळाला आठ्या घालून रजा दिली आणि त्याच्या आत परत यायला बजावलं. एसटीत बसून अंबडमार्गे गावी पोचेपर्यंत मी मनात श्वासाची लक्षणं घोकत होते, जशी पोरं पाढे घोकतात.

घराच्या दारातच वास आला. जखम गालातून बाहेर फुटली होती. बाज पडवीत, एका बाजूला टाकलेली. जवळ कुणी नव्हतं. चुलती, म्हणजे माझी काकू, पदराने नाक झाकून ताटली ठेवून जायची. मी पोटॅशच्या, म्हणजे त्या जांभळ्या औषधाच्या पाण्याने जखम धुतली, फडकी उकळून वाळवली, तोंड पुसलं, पाठीखाली उशा लावल्या. दुखण्यासाठी माझ्याकडे साध्या गोळ्या होत्या, त्या कुटून पाण्यात देत होते. आज मला माहीत आहे की मेडिकलमध्ये सहज मिळणारी एक साधी गोळी कुटून जखमेवर टाकली असती तरी तो वास पुष्कळ कमी झाला असता. आज मला हेही माहीत आहे की जीवघेणं दुखणं थांबवणारं औषध आमच्याच दवाखान्यात कुलपात होतं आणि घरी पाठवलेल्या पेशंटला ते द्यायची पद्धत नव्हती. हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. तीन वर्षं मला चादरीचे कोपरे शिकवले!

आत्याला आता बोलता येत नव्हतं. डोळे मात्र जागे होते. मला बघून तिने हात हलवला आणि माझ्या पोटाकडे बोट केलं, म्हणजे जेवलीस का. मी चमच्याने तिला ताक पाजलं, कोमट चहा पाजला. चहाला ती अजून जीव टाकायची. अर्धा बाहेर यायचा, पण अर्धा जायचा. परीक्षेचं आणि मी ती देणार नसल्याचं अण्णांना सांगितलं होतं, तिला काही सांगितलं नाही.

शनिवारी सकाळी मी विहिरीवर तिची फडकी धुवायला गेले होते. परत आले तर पडवीत काकू शेणाने जागा सारवत होती. माझ्या हातातली बादली तिथेच पडली.

‘‘काय करताय, काकू? अजून टाइम झाला न्हाई!’’

‘‘म्या कुठं म्हनते गं माय,’’ काकू घाबरून म्हणाली. ‘‘ती सोताच सांगून राह्यली. बघ तर खरं.’’

आत्याने बाजेवरून हात खाली सोडला होता. ती भुईवर हात आपटत होती. थोडा वेळ थांबायची आणि पुन्हा आपटायची. अण्णा भिंतीला टेकून खाली मान घालून बसले होते.

मी नाडी बघितली, चांगली होती. श्वास बघितला, एकसारखा होता. गुडघे गरम होते. मी तिच्या कानाशी वाकून म्हणाले, ‘‘आत्या, अजून न्हाई. मी बघून राह्यले ना. मी सांगते तुला बराबर.’’ तिने माझ्याकडे नीट बघितलं. ते फिरलेले डोळे नव्हते. मग तिने पुन्हा भुईवर हात आपटला.

मला वाटलं उकडत असेल. उन्हाळा होता, पत्रे तापले होते, बाजेच्या सुतळीने तिच्या पाठीला जखमा झाल्या होत्या, आणि सारवलेली जमीन गार असते. मला कारण हवं होतं, ते मी शोधून काढलं. काकू म्हणाली, तिला आतून कळलं असंल. शेवटी मी, काकू आणि अण्णांनी तिला उचललं आणि खाली घोंगडीवर घेतलं. ती इतकी हलकी झाली होती की तिघांची काही गरज नव्हती.

काकूने तुळस आणि गंगेचं पाणी आणलं. शेजारच्या बायका येऊन बसल्या आणि हळूच रडायला लागल्या. एक जण बोलायला लागली की पाव्हण्यांना सांगावा कुणाकडून धाडायचा. मी तिला हाताला धरून उठवलं. ‘‘आत्या जिती हाय. इथं बसायचं तर तिच्याशी बोला, न्हाईतर जा.’’ मी असं मोठ्यांना कधी बोलले नव्हते. एकेक करून बायका उठून गेल्या, आणि गावात पुष्कळ दिवस माझ्या तोंडाळपणाची चर्चा झाली म्हणे.

मग मी चहा केला. काकू म्हणाली, खाली घेतलेल्याला देत न्हाईत. मी ऐकलं नाही. सासूला जे मिळालं नाही ते आत्याला मिळालंच पाहिजे, असं माझ्या डोक्यात होतं. मी चमचा तिच्या ओठांना लावला. तिने ओठ उघडले नाहीत. मी थोडं थांबून पुन्हा लावला. ओठ मिटलेलेच. ताक आणलं, साधं पाणी आणलं. तिने मान जराशी बाजूला केली. मी मनात नोंद केली, जशी वॉर्डात केस पेपरवर करतात तशी, की गिळणं बंद झालं. गिळणं बंद झालेल्या पेशंटला तोंडाने काही देऊ नये, फुफ्फुसात जातं, हे मला शिकवलेलं होतं. मी चमचा खाली ठेवला. ओल्या कापसाने नुसते ओठ ओले करत राहिले.

पलंगावर बसायचं नाही हा नियम होता, पण तिथे पलंगच नव्हता. मी तिच्या शेजारी जमिनीवर आडवी झाले, लहानपणी झोपायचे तशी. तो वास होता, पण जरा वेळाने तो येईनासा झाला. तिने माझ्या केसांत बोटं घातली आणि तशीच ठेवली. मी तिला वॉर्डातल्या गमती सांगितल्या. डमीचा हात ऐन तपासणीत निखळून ट्यूटरबाईंच्या पायावर पडला होता, तेही सांगितलं. तिच्या घशातून हसल्यासारखा आवाज आला. दुखत होतं तेव्हा तिची बोटं घट्ट व्हायची, आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

रविवारी उन्हं तापायला लागली तेव्हा तिचा श्वास अडायला लागला. मी जे जे घोकलं होतं ते सगळं एकेक करून आलं. मी अण्णांना म्हणाले, ‘‘आता.’’ बराबर टाइम तो होता, आणि मला तो ओळखता आला. पण ती कालपासूनच खाली होती. अण्णांनी तिच्या तोंडात पाणी घातलं, आणि ती गेली.

तिचे डोळे मी मिटवले, अंग मी पुसलं. जबडा बांधताना पट्टी कुठून घ्यावी कळेना, कारण त्या बाजूला बांधायला काही राहिलंच नव्हतं. डमीचा जबडा चांगला होता.

तिला पोचवून आल्यावर अण्णा मला म्हणाले, ‘‘संध्याकाळची गाडी धर. उद्या तुझी परीक्षा हाय.’’

मी चिडले. सुतकात कुठे जायचं, आणि कसली परीक्षा! सहा महिन्यांनी देईन, म्हणाले. अण्णांनी माझी पिशवी उचलली आणि चालायला लागले. फाट्यावर गाडीची वाट बघताना ते माझ्याकडे न बघता बोलले.

‘‘तू विहिरीवर गेल्ती ना काल. तिनं मला खुणेनं इचारलं, पोरगी कवा जानार. मला तिच्यापुढं खोटं बोलता येत न्हाई, तुला तर म्हाईतच हाय. म्या म्हनलं, सोमवारी परीक्षा हाय, पर ती न्हाई जानार तुला सोडून. लई वेळ वर बघत पडली. मंग भुईवर हात आपटाया लागली.’’

गाडी आली. खिडकीपाशी बसल्यावर मला ते मिटलेले ओठ दिसले. किती घट्ट मिटलेले होते! ज्याचं गिळणं जातं त्याचे ओठ सैल पडतात, तोंड उघडं राहतं. हे मी वॉर्डात स्वतःच्या डोळ्यांनी कितीदा बघितलं होतं. आणि खाली घ्यायच्या आदल्या संध्याकाळी तर तिने अर्धी वाटी चहा घेतला होता. तिचं गिळणं गेलं नव्हतं. आयुष्यभर ज्या एका गोष्टीला ती भ्याली, ती तिने स्वतः मागून घेतली, आणि मग लवकर संपावं म्हणून तोंड मिटून घेतलं. जालना येईपर्यंत मी रडत होते. शेजारची बाई म्हणाली, सासरी चालली वाटतं.

सोमवारी प्रॅक्टिकल झाली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, ‘‘मरणासन्न रुग्णाची शुश्रूषा कशी कराल?’’ पुस्तकात त्यावर चार ओळी होत्या. शांत खोली, स्वच्छ अंथरूण, नातेवाइकांना धीर, असं काहीबाही. मी त्या ओळी न अडखळता म्हणून दाखवल्या. बाई म्हणाल्या, ‘‘छान.’’ मी पास झाले.

पुढे मी सरकारी नोकरीत लागले आणि वॉर्डाची सिस्टर झाले. माझ्या हाताखाली शिकाऊ मुली येतात, अजूनही चादरीचे कोपरे छान खोचतात. मी त्यांना पेशंटच्या पलंगावर बसायला लावते, त्या घाबरून माझ्याकडे बघतात. आणि एक गोष्ट मी प्रत्येकीकडून करून घेते. शेवटाला आलेल्या माणसाने तोंड मिटलं तर चमचा खाली ठेवायच्या आधी त्याच्या कानाशी वाकून विचारायचं, ‘‘उतरत न्हाई, का नको झालंय?’’ मान हलवून का होईना, बहुतेक जण उत्तर देतात. आत्याला मी हे विचारलं नव्हतं.